डिस्कचे सहा बोल्ट

चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट सायकलने उतरणाऱ्याला ब्रेकची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण ज्या आईवडिलांनी दहावी पास झालेल्या मुलाला हौसेने गिअरची, डिस्क ब्रेकवाली सायकल घेऊन दिली, त्यांना चाकाच्या मधोमध चकाकणाऱ्या त्या स्टीलच्या तबकडीविषयी फारसे ठाऊक नसते. या तबकडीला रोटर म्हणतात. बहुतेक सायकलींत ती चाकाच्या हबला सहा छोट्या बोल्टांनी धरलेली असते आणि सायकल थांबवण्याचा सगळा ताण त्या सहा बोल्टांवर येतो. ते नीट बसले आहेत की नाहीत हे घरी पाहता येते. हातात थोडी कला असेल तर रोटर स्वतः बदलताही येतो.

जुन्या सायकलीत ब्रेकची रबरे रिमला घासतात. आपल्याकडच्या पावसात लाल चिखल रिमला लागला की ती रबरे नुसती घसरतात आणि रिमही झिजते. रोटर हबजवळ, चिखलापासून उंच असतो. रिम थोडी वाकडी झाली तरी त्याचे काही अडत नाही. डोंगरातल्या सायकलींनी डिस्क स्वीकारली ती यासाठीच.

रोटर आणायला दुकानात जाताना चाक बरोबर न्यावे, हे उत्तम. कारण हब दोन प्रकारचे असतात. एकावर सहा बोल्टांची भोके असतात, ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात. दुसऱ्याला सेंटर लॉक म्हणतात. शिमानोने हा प्रकार २००३ च्या सुमारास आणला. त्यात रोटर दातेरी बैठकीवर सरकवून वर एक मोठी रिंग आवळतात. सेंटर लॉक हबवर अ‍ॅडाप्टर लावून सहा बोल्टांचा रोटर बसवता येतो, उलटे मात्र जमत नाही. आणि हबला डिस्कची बैठकच नसेल, चिमट्याला कॅलिपरची जागाच नसेल, तर साध्या सायकलीला डिस्क लावून देतो म्हणणाऱ्या कारागिराला नमस्कार करून परत यावे. रोटरचे मापही महत्त्वाचे. १६० च्या जागी १८० मिलिमीटरचा आणला तर कॅलिपर त्याच्यावर बसणार नाही. त्यासाठी वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो, आणि तो मोठा रोटर आपला चिमटा पेलतो का हेही विचारावे लागते.

आता बसवण्याचे काम. चाक काढले की ब्रेकची मूठ दाबायची नाही. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर मधे काही नसल्याने पॅड एकमेकांना चिकटतात आणि ते वेगळे करताना घाम फुटतो. हबची बैठक कोरड्या फडक्याने पुसावी; मातीचा एक कण राहिला तरी रोटर लचकत फिरतो. रोटरवर बाण कोरलेला असतो. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरते तिकडेच त्याचे टोक हवे. सहाही बोल्ट आधी बोटांनी फिरवून आट्यांत नीट बसवावेत. बोल्ट आडवा घुसला तर हबचे आटे जातात, आणि मग एका बोल्टापायी सगळा हब बदलण्याची पाळी येते. बोल्ट बसले की हातमोजा घालून रोटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दाबून धरावा. ब्रेक लागल्यावर रोटर त्याच बाजूला ओढला जातो, म्हणून असलेली फट आधीच निघून जाते. मग चांदणी काढल्यासारखे, एकासमोरचा एक असे थोडे थोडे आवळत जावे. ओळीने आवळले तर रोटर एका बाजूला बसतो.

या बोल्टांना २५ नंबरची स्टार की लागते. किती आवळायचे? शिमानो २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, स्राम ६.२. दहा सेंटिमीटर लांब की धरली तर हाताचा जोर साधारण चार ते सहा किलोचा. दंड फुगवण्याचे काम नाही. आपल्या घरांत कन्नड बोलणारे कुणीतरी असतेच. की फिरवताना बाजूला बसवून त्यांना ‘साकु’ म्हणायला सांगावे. सेंटर लॉकच्या रिंगेला मात्र तब्बल ४० न्यूटन-मीटर लागतात. तिथे हात राखून चालत नाही.

घरोघरी एक धोका मात्र हमखास घडतो. ब्रेक किंचाळू लागला की कुणीतरी प्रेमाने खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल सोडतो. आवाज थांबतो, आणि त्याबरोबर ब्रेकही. पॅड तेल पितात, मग ते फेकण्याखेरीज इलाज नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, रॉकेलने नव्हे, कारण रॉकेल मागे तेलकटपणा ठेवते. बोटांचा घामसुद्धा नको. खंडेनवमीला सायकल धुऊन पुजताना हळदकुंकू हँडलला लावावे. रोटरला नुसता दुरून नमस्कार पुरे. घाट उतरून आलेल्या सायकलीचा रोटर इतका तापलेला असतो की बोट भाजते, आणि उलटी ठेवलेली सायकल फिरवून खेळणाऱ्या लहान भावंडाचे बोट त्याच्या भोकांत अडकले तर ते कापते. घरात लहान मूल असेल तर दुरुस्ती ते झोपल्यावर करावी.

चाक परत बसवताना पुढच्या चाकाचा झटपट उघडणारा खटका नीट बंद झाला का, हे पाहावेच. सैल लोंबणारा खटका रोटरमध्ये अडकला तर चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. याच कारणाने २०१५ साली ट्रेक कंपनीने एकट्या अमेरिकेतून सुमारे नऊ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

चाक फिरवून कान द्यावा. फेऱ्यात एकाच जागी सर्र असा आवाज आला तर रोटर वाकला आहे. सतत घासत असेल तर कॅलिपर सरकला आहे; त्याचे दोन बोल्ट ढिले करून, ब्रेकची मूठ दाबून धरून पुन्हा आवळले की बहुधा जागेवर येतो.

नवा रोटर पहिल्याच दिवशी घाटात न्यायचा नसतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन चाक अडू न देता वेग उतरवायचा, असे वीसेक वेळा. तेवढ्यात पॅडचा पातळ थर रोटरवर बसतो आणि पकड येते. आठवड्याने सहाही बोल्टांना पुन्हा एकदा की लावून पाहावी. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो, तो १.५ वर आला की नवा घ्यायचा.