पश्मिना शालीमागचं पाणी

तुमच्या घरात आजीची जुनी पश्मिना शाल आहे का? असेल तर तिची ऊब कदाचित लडाखच्या चांगथांग पठारावरून आली असेल. ४,००० मीटरहून जास्त उंची आणि हिवाळ्यात उणे ३० अंशांच्या आसपास थंडी! या थंडीमुळेच तिथल्या शेळीच्या राठ केसांखाली ती मऊ लोकर येते. चांगपा पशुपालक शेळीला भादरत नाहीत, फणीने विंचरून लोकर काढतात.

पण शेळीला चारा हवा आणि चाऱ्याला पाणी. लेहमध्ये पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. आपल्या कोकणात जुलैत एका दिवसात एवढा पाऊस सहज होतो! हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की कुरणं सुकी राहतात. म्हणून चांगपा कळप घेऊन जागा बदलत राहतात.

खालच्या शेतकरी गावांची अडचण वेगळी. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि हिमनद्यांचं पाणी खळाळतं जूनपासून! लडाखचे अभियंता चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात चालू ठेवलेल्या नळाचं पाणी झाडांच्या सावलीत गोठलेलं पाहिलं. त्यावरून त्यांनी ओढ्याचं पाणी सावलीत अडवून 'कृत्रिम हिमनद्या' बनवल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण त्या गावापासून दूर, उंचावर बांधाव्या लागत. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात उपाय काढला. उंचावरचं पाणी पाइपने खाली आणायचं, थंडीत हवेत उडवायचं. पंप नको, वीज नको. पाणी गोठून शंकूसारखा डोंगर होतो. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो हळूहळू वितळत पेरणीपर्यंत टिकतो. हाच तो 'आइस स्तूप'.

आलेलं पाणी वाटतो 'चुरपोन', म्हणजे गावानेच नेमलेला पाणीवाला. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतला पाटकरी आठवला ना? मला तर ही माणसं पाइपापेक्षा महत्त्वाची वाटतात. पाणी आणणं सोपं, ते भांडण न होता वाटणं अवघड.

वर चांगथांगात मात्र माणसंच कमी होत आहेत. खरनाक भागातली अनेक कुटुंबं कळप विकून लेहच्या वेशीवर राहायला आली आहेत. तिथे मुलांना शाळा आहे, म्हाताऱ्यांना दवाखाना आहे. याकच्या केसांचा 'रेबो' तंबू अजूनही घालणारी कुटुंबं मोजकीच उरली आहेत.