दोलामुद्रिते पडद्यावर

पुस्तकनोंदणीचा कायदा १८६७ साली आला. तोवरच्या मराठी छापील पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणतात. १८९८ साली स्थापन झालेल्या, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्यांचा मोलाचा साठा आहे.

ही पुस्तके संगणकाच्या पडद्यावर आणायची, तर कागद ठिसूळ; पान उलटताना कडा तुटते. तरी छायाचित्रे काढणे हे सोपे काम. खरी अडचण पुढे, अक्षरे ओळखण्यात आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर १८३१ साली मराठी पंचांग छापले. अशा छपाईत अक्षरे हाताने लिहिलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले. संगणकाची अक्षरओळख तिथे हमखास अडखळते. म्हणून लेखक, वर्ष, छापखाना यांची नोंद माणसानेच नीट करावी लागते. त्यात कंटाळा केला, तर पुस्तक पडद्यावर असूनही सापडत नाही.

राज्य मराठी विकास संस्थेने यातली अनेक पुस्तके मोफत खुली केली आहेत. अभ्यासकांनी ती जरूर चाळावीत.