कृंतकांचा जगप्रवास आणि आपली काळी जमीन

शेतात बीळ दिसले की आपण 'उंदीर लागला' एवढेच म्हणतो व सर्वांवर एकच उपाय योजतो. परंतु भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कोणतेही शिवार घेतले, तरी तेथील उंदीर, घूस, खार व साळिंदर ही एका घरची मंडळी नव्हेत. ही सर्व कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील असली, तरी प्रत्येकाची वाट निराळी आहे. ती जाणणे शेतकऱ्यास उपयोगाचे आहे, असे आम्हांस वाटते.

आपली काळी जमीन ज्या खडकापासून झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने पसरला. त्या काळी भारत हे समुद्रातील बेट होते. त्याच सुमारास महाकाय सरीसृप नाहीसे होऊन सस्तन प्राण्यांस रान मोकळे झाले. कृंतकांचे अगदी जुने अवशेष आशिया व उत्तर अमेरिका या खंडांत सापडतात. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील कोळशाच्या खाणीतही ५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या कृंतकाचे अवशेष मिळाले असून त्याचे नाते युरोपातील प्राचीन जातींशी आहे.

या गणाचे खरे हत्यार म्हणजे पुढचे दात. ते जन्मभर वाढतात. पुढची बाजू कठीण व मागची मऊ असल्याने झिजता झिजता पटाशीप्रमाणे धारदार राहतात. या हत्याराच्या बळावर कोणी झाडावर गेले, कोणी पाण्यात शिरले, कोणी वाळवंटात बिळे केली. आपल्या साळिंदराचे दूरचे भाऊबंद ४ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आफ्रिकेतून दक्षिण अमेरिकेत पोचले. मध्ये समुद्र होता. पुरात वाहून आलेल्या झाडोऱ्याच्या तराफ्यांवरून ते गेले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. गिनीपिग हा त्यांच्याच वंशातला. आज कृंतकांच्या दोन हजारांवर जाती असून सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत सुमारे दोन यांच्या आहेत.

खऱ्या उंदरांची शाखा मात्र आपल्याच बाजूची. पाकिस्तानातील पोतवार पठारावर, शिवालिक थरांत, सुमारे १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीचे त्यांच्या पूर्वजांचे दात सापडले आहेत. तेथून ही शाखा आफ्रिका व युरोपात आणि पुढे बेटाबेटांनी ऑस्ट्रेलियात गेली. घरातला काळा उंदीर तर भारतातून गलबतांवर बसून रोमन काळी युरोपात पोचला.

आता आपल्या शिवाराकडे वळू. मऊ लवेचा शेतउंदीर बीळ खोदण्यात कच्चा. तो काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो. चांगला पाऊस झाला की भेगा मिटून पुष्कळ उंदीर मरतात. पाऊस ओढ देतो तेव्हा ते वाचतात व वाढतात. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर १८७८-७९ साली दख्खनमध्ये या उंदरांनी पिकांचा मोठा नाश केला. त्यांच्या जोडीस लांब मागच्या पायांचा, गोंडेदार शेपटीचा उंदीर होता. त्याचे गणगोत आफ्रिका व मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशांत आहे. म्हणजे दुष्काळ संपला तरी त्याचे देणे उंदरांच्या रूपाने मागून वसूल होते.

लहान घुशीची तऱ्हा वेगळी. ती बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग घालते आणि कणसे आत साठविते. तिच्यावर भेगा मिटल्याचा फारसा परिणाम होत नाही. बीळच शोधले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. पाऊस कमी पडलेल्या वर्षानंतर विशेष सावध राहावे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून भेगा मोडाव्यात व बांध साफ ठेवावेत. सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वसतीची समजून उपाय त्यांवरच करावा. घुबड व धामण यांस मारू नये. आणि हे काम सर्व शेजाऱ्यांनी एकाच वेळी करावे. ज्या कुळास समुद्र अडवू शकला नाही, त्यास आपला बांध काय अडविणार?