मोजणी चारपासून

कारखान्यातल्या टाकीवरचा ट्रान्समीटर पाण्याची पातळी कंट्रोल रूमला कळवतो ती विजेच्या प्रवाहातून. टाकी रिकामी असेल तर 4 मिलिअँपिअर, निम्मी असेल तर 12, भरली की 20. व्होल्टेज का नाही? लांबलचक तारेच्या रोधामुळे ते वाटेत घटतं. एकाच मंडलातला प्रवाह मात्र सगळीकडे सारखाच राहतो.

खरी हुशारी त्या चारमध्ये आहे. मोजणी शून्यापासून असती, तर तार तुटल्यावरही कंट्रोलरला टाकी रिकामीच वाटली असती आणि टाकी ओसंडली तरी पंप चालूच! आता शून्य दिसलं की समजायचं, तार तुटली किंवा वीज गेली. शिवाय दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतःही याच प्रवाहावर चालतो.

पूर्वी हा निरोप नळीतली हवा न्यायची, 3 ते 15 पीएसआय दाबाने. सुरुवात तिथेही शून्यापासून नव्हतीच.