तालीम कोठे करावी?

नाटकाला जाणारा माणूस नाट्यगृह पाहतो. तालमीची जागा त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही. म्हणूनच एखाद्या विद्यापीठाने नाट्य-नृत्याचा विभाग काढावयाचे ठरविले की पहिली मागणी निघते ती मोठ्या सभागृहाची. पैसे तेथेच संपतात. पुढे त्या सभागृहात परिषदा होतात, पाहुण्यांची भाषणे होतात, आणि नाटकाची मुले संध्याकाळी वर्गातली बाके भिंतीशी सारून तालीम करतात. मी स्वतः अशा तालमी केल्या आहेत. साडेसात वाजले की शिपाई दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागे आणि आमचा तिसरा अंक रोज एकाच जागी थांबे. प्रयोगाच्या दिवशीही तो कच्चाच राहिला.

रसायनशास्त्राच्या मुलांना प्रयोगशाळा लागते हे कोणाला पटवावे लागत नाही. ज्यांची विद्याच प्रयोगाची, त्यांना मात्र ती मागावी लागते! एखाद्या नाटकाच्या तालमी पाच-सहा आठवडे चालतात. विद्यार्थ्यांचे प्रयोग होतात दोन किंवा तीन. म्हणजे शिक्षण होते ते तालमीच्या खोलीतच.

ही खोली केवढी हवी? रंगमंचाएवढी मोकळी जमीन, आणि दिग्दर्शकाला समोर जरा दूर बसून पाहता येईल इतकी अधिक. तालमीत नेपथ्याचा नकाशा खडूने किंवा चिकटपट्टीने खऱ्या मापात जमिनीवर आखतात: हे दार, ही खिडकी, हा जिना. दारापासून खुर्ची सात पावलांवर आहे हे नटाच्या पायांना ठाऊक झाले म्हणजे वाक्य कोठे संपवावे हे त्याला सांगावे लागत नाही. बारा फुटांच्या खोलीत बसविलेले नाटक तीस फुटांच्या रंगमंचावर नेले की वाक्य संपते आणि नट अजून वाटेतच असतो.

नृत्याची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तेथे प्रश्न गुडघ्यांचा आहे. कथकातील तत्कार घ्या, किंवा भरतनाट्यमातील अर्धे बसून केलेले पदाघात घ्या. एका तासात पाय जमिनीवर हजारो वेळा आपटतो. जमीन फरशीची किंवा सिमेंटची असेल तर ती दबत नाही. आघात टाच, नडगी, गुडघा, कंबर असा अंगातच परत येतो. विशीतल्या मुलीला ते जाणवत नाही. पुढे जाणवते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. यावर उपाय लाकडी जमिनीचा. आडव्या-उभ्या वाशांची चौकट, खाली पोकळी, वर फळ्या किंवा प्लायवूड. अशी जमीन किंचित दबते आणि घुंगरांखालचा बोलही स्पष्ट उठतो. मात्र फार लवचीक केली तर पदाघाताचा जोर विरतो. आपल्याकडे पावसाळ्यातली ओल आणि वाळवी यांचा विचार आधीच करावा लागतो. पोकळीत वारा खेळता ठेवला नाही तर चार-पाच वर्षांत फळ्या फुगतात. सिमेंटवर नुसती सतरंजी अंथरून ‘सोय केली’ म्हणणारेही भेटतात. सतरंजी सरकते, एवढेच तिच्याविषयी सांगता येईल.

पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले, तेथे संगीत, नृत्य व नाट्य ही तिन्ही शिकविली जातात. तिन्ही कला शेजारी आल्या की त्यांचा फायदा मोठा. पण अशी इमारत बांधताना भिंती जाड हव्यात. तंबोरा जुळविणाऱ्याच्या डोक्यावर तत्कार चालू राहिला तर दोघांचेही शिक्षण थांबते.

आता प्रयोगाच्या जागेकडे वळू. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. माणसांसाठी योग्य म्हणून सांगितलेले गृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद, म्हणजे सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट. त्यातही निम्मी जागा रंगभूमी व नेपथ्याची. शेवटचा प्रेक्षक नटापासून पन्नासएक फुटांवर! कारणही दिले आहे: जागा याहून वाढली की शब्द अस्पष्ट होतो आणि मुद्रेवरचे भाव दिसत नाहीत. रंगशीर्ष कासवाच्या किंवा माशाच्या पाठीसारखे नसावे, आरशासारखे सपाट असावे, हेही तेथेच आहे. शिकणाऱ्यांसाठी याहून चांगला सल्ला मला ठाऊक नाही. ज्याचा आवाज अजून घडतो आहे त्याला हजारांपुढे उभे केले तर तो ओरडावयास शिकतो.

पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी यांनी मुंबईत राहत्या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ नावाचे छोटे नाट्यगृह चालविले होते. १९६२ साली ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. मोठ्या सभागृहाची वाट पाहत ते बसले नाहीत. १९६३ साली त्यांनी ‘अंधा युग’ फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींपुढे केले. रवींद्र भवनात त्यांनी लहानसे स्टुडिओ थिएटर उभे केले, आणि इमारतीमागे एक वडाचे झाड होते, त्याच्याभोवती उघडा रंगमंच बांधला. त्यालाही नाव दिले ‘मेघदूत’. वड तोडला नाही. तो नेपथ्यातच धरला.