एकशे साठ एकरांचे माप

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडची सरकारी जमीन मागेल त्याला १६० एकर मिळू लागली. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा, त्याने पाच वर्षे तिथे राहून जमीन कसावी आणि फीपोटी अठराएक डॉलर भरावेत, अशा मुख्य अटी होत्या. विधवा, अविवाहित स्त्रिया आणि नागरिकत्वासाठी अर्ज केलेले परदेशी यांनाही जमीन मागता येई.

१६० हा आकडा मोजणीदारांचा. १७८५ पासून सरकारी जमीन चौरस मैलांत आखली जात होती. एका चौरस मैलाचे ६४० एकर, त्याचा हा पाव हिस्सा. ओहायो, इलिनॉयसारख्या भरपूर पावसाच्या मुलखात तेवढ्यावर कुटुंबाचे आरामात भागे. पश्चिम नेब्रास्का आणि कॅन्ससमध्ये मात्र वर्षाला वीस इंचही पाऊस पडत नसे.

झाडे नव्हती, त्यामुळे घरेही मातीची. नांगराने गवताळ जमिनीचे फूटभर रुंद पट्टे काढायचे, त्यांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून ते विटांसारखे रचायचे. मुळांच्या जाळ्यामुळे माती सुटत नसे. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार राहत. छप्पर मात्र पाऊस थांबल्यावरही गळत राही, म्हणून आढ्याखाली कापड ताणत. चुलीला सरपण नाही. बायसनच्या वाळक्या शेणावर स्वयंपाक होई. या गोवऱ्या थापाव्या लागत नसत, माळावरून वेचल्या की झाले. कुंपणाचा प्रश्न सुटला तो जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतल्यानंतर.

ही जमीन रिकामी नव्हती. लाकोटा, शायान, पॉनी अशा जमातींना करारांनी आणि लष्करी बळाने हटवूनच ती ‘सरकारी’ झाली होती. १८८७ च्या डॉज कायद्याने त्यांच्या राखीव प्रदेशांचेही तुकडे पाडले. कुटुंबप्रमुखाचा वाटा पुन्हा तोच, १६० एकर. उरलेली जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली. १९३४ पर्यंत मूलनिवासींच्या १३.८ कोटी एकरांपैकी जेमतेम ४.८ कोटी उरले.

कोरड्या भागात हे माप चालणार नाही, हे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालातच सांगितले होते. ओलिताचे ८० एकर पुरतील, चराऊ जमीन मात्र २,५६० एकर हवी, असा त्यांचा हिशेब. काँग्रेसला तो रुचला नाही. १९०९ मध्ये कोरडवाहू शेतीसाठी मर्यादा ३२० एकर झाली, १९१६ मध्ये गुरे पाळणाऱ्यांसाठी ६४०. तोवर कित्येक जण कर्ज काढून, पीक बुडवून परतले होते. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला आणि दक्षिणेकडच्या मैदानांतले उरलेसुरले गवतही नांगराखाली गेले. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा माती धरून ठेवायला ती मुळे उरली नव्हती.