चौथा खांब

नागरिकशास्त्राच्या तासाला गुरुजींनी लोकशाहीचे चार खांब सांगितले. कायदे करणारे विधिमंडळ, ते राबवणारे सरकार, न्याय देणारे न्यायालय आणि चौथे वर्तमानपत्र. मला प्रश्न पडला. पहिल्या तिघांच्या हाती सत्ता असते. वर्तमानपत्राजवळ ना पोलीस, ना तिजोरी. मग नुसत्या कागदावर हा खांब उभा कसा राहतो?

उत्तर 'केसरी'च्या गोष्टीत सापडले. हे पत्र ४ जानेवारी १८८१ रोजी आपल्या पुण्यात सुरू झाले. १८९६ साली पावसाने दगा दिला. पिके करपली, पण सारा कसा भरायचा याचा शेतकऱ्याला घोर लागला. वास्तविक दुष्काळात लोकांना काम द्यावे, साऱ्यात सूट किंवा तहकुबी द्यावी, असे नियम इंग्रज सरकारनेच केलेले होते. पण खेड्यातल्या माणसाला ते कोण सांगणार? लोकमान्य टिळकांनी ते नियम 'केसरी'तून मराठीत समजावून दिले. सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव गेली, सभा घेतल्या. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही आपला हक्क कळला.

बघा हं, टिळकांनी नवा कायदा केला नाही. सरकारचाच कायदा लोकांना सांगितला. तेवढ्याने सरकार बिथरले. १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

स्वराज्यातही असे दिवस आले. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. छापण्याआधी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवावा लागे. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागाही लोकांनी बरोबर वाचली! १९७७ च्या निवडणुकीत ते सरकार पडले.

म्हणजे वर्तमानपत्राचे बळ कागदात नाही, वाचणाऱ्यात आहे. माहितीच नसेल तर मत देणारा अंधारात शिक्का मारील, नाहीतर बटण दाबील. अर्थात छापलेले सगळेच खरे नसते. मोबाईलवर आलेले तर त्याहून नसते. म्हणून एकच बातमी दोन ठिकाणी पडताळावी. कोणी सांगितले, कशावरून सांगितले, हे विचारावे.

आपल्या वरव्यात ज्या आजी-आजोबांना वाचता येत नाही, त्यांना रोज एक तरी बातमी वाचून दाखवू या. चौथ्या खांबाला आपला तेवढा हातभार.